तिसऱ्या शेताचं रोप

१२ फेब्रुवारी २००६

ही डायरी एजंटची. नवीन वर्षाला त्याने गावभर वाटल्या. पहिल्या पानावर त्याचा हसरा फोटो, खाली 'बंगलो प्लॉट, शेतजमीन, खात्रीशीर व्यवहार'. मी फोटोवर कोरा कागद चिकटवला. खळ कमी पडली, एक कान अजून दिसतो. दीड महिना तशीच पडून होती. कोरे कागद वाया जाऊ देववत नाहीत म्हणून आजपासून लिहितो.

काशाने शेत विकलं. काल मुरबाडला सह्या झाल्या. मला रघूने सांगितलं, एसटीच्या थांब्यावर. काशाने स्वतः सांगितलं नाही.

काशिनाथ, रघुनाथ आणि मी, दत्तात्रय. पहिलीपासून एका बसकरावर बसलो. तिघंही सदतीस वर्षांचे. शेतंही एका ओळीत: रस्त्याला माझं, मधे काशाचं, ओढ्याला रघूचं. मधलं गेलं.

१३ फेब्रुवारी

कामात लक्ष नव्हतं. दूध डेअरीचा बोर्ड. 'शुद्ध'मधला 'द्ध' दोनदा पुसून काढला. अठरा वर्षं बोर्ड रंगवतोय. नववी नापास माणसाने आजवर एक वेलांटी चुकवलेली नाही, हे मी कोणाहीसमोर सांगेन.

सावड कशी सुरू झाली ते लिहून ठेवतो, विसरायला नको. १९८६, आषाढ. बाबा गेले आणि रोप उपटायला आलेलं. घरात सुतक, शेतात पाय ठेवायचा नाही. धाकटा भाऊ विलास तेव्हा नऊ वर्षांचा. आई म्हणाली, या साली शेत पडीक राहू दे. चौथ्या दिवशी ओढ्याकडे गेलो तर आमच्या शेतात दोघं वाकलेले. काशा आणि रघू. स्वतःची आवणी, भाताची लावणी, अर्धी टाकून आले होते. कोणी बोलावलं नव्हतं. मी बांधावर उभा. काशा वर न बघता बोलला, "बाजूला हो रे, सावली पडते."

पावसात कसली सावली.

तेव्हापासून तिघांची आवणी तिघं मिळून. ज्याचं रोप आधी तयार, त्याचं शेत आधी. दिवसाला दिवस. मजुरी नाही, बदली माणूस नाही. वीस सालं झाली.

२१ फेब्रुवारी

शहापूरला एका पतपेढीच्या बोर्डाचं विचारायला गेलो. त्यांनी फ्लेक्स लावून टाकलेला. 'हार्दीक स्वागत'. साहेबांना म्हटलं, 'दि' पहिली पाहिजे. म्हणाले, "रंग कसा उठून दिसतो बघा की." बघितला. उठून दिसतो.

तिथून काशाकडे. दिवाळीपासून भाड्याने राहायचा तोच फ्लॅट शेताच्या पैशांत घेतलाय, तळमजला. आसनगाव स्टेशन जवळ, मुलाला डिप्लोमाला जायला बरं. दाराबाहेर बादली आणि तांब्या. फ्लॅटमध्ये शिरतानाही पाय धुतो. गॅलरीत पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं टांगलंय, त्यावर लतावहिनींनी टॉवेल वाळत घातलेले.

"मला सांगितलं का नाय?"

"सांगितलं असतं तर विकलं नसतं. तू हे असं तोंड केलं असतंस."

मग बराच वेळ बोलला. मागच्या सव्वीस जुलैच्या पुरात खालचा बांध फुटला, परत घालायची ताकद नाही. गुडघे गेलेत. "उठताना लवंगी माळ लागते, दत्तू." साखरही निघाली. डॉक्टरने चालायला सांगितलं, म्हणून रोज सकाळी तानसाच्या रस्त्याला चार किलोमीटर जातो आणि परत येतो.

"शेत विकलंस आणि फुकट चालतोस?"

"फुकट कुठं, बूट घेतलेत." तो हसला. मी नाही हसलो.

निघताना बोलला, "पैशे आले तवा तीन दिवस झोप नाय लागली. आता संपत आलेत, झकास लागते."

४ मार्च

मुरबाडला चष्म्याच्या दुकानात डोळे तपासले. ब्रशचं टोक दोन दिसायला लागलंय. दुकानदार म्हणाला, चाळिशी लागली. म्हटलं, मी सदतीसचा आहे. म्हणाला, "डोळ्याला जन्मतारीख वाचता येत नाय."

चष्मा घेतला नाही. हात लांब केला की दिसतं.

१९ एप्रिल

राब भाजला. शेणी, टहाळ, वर गवत आणि माती. रोपाची जागा चांगली भाजली की तण कमी. वारा नव्हता, धूर सरळ वर गेला. दुपारपर्यंत तीन वाफे भाजून झाले.

तीन. दोन माझ्या शेताचे. काशाच्या वरकस, उंचावरच्या जागेत नुसता खडक, म्हणून त्याच्या शेताचं रोप वीस सालं माझ्याच राबात होतं. हात सवयीने चालले. सुमन पाण्याचा हंडा घेऊन आली, बघत उभी राहिली.

"तिसरा कुणाचा?"

"जादा असावा. पाऊस हल्ली सांगून येतो का?"

तिने हंडा खाली ठेवला. एकोणीस वर्षांच्या संसारात बायकोला खोटं लगेच कळतं. तरी सांगितलं.

६ मे

एजंट घरी आला. बूट न काढता ओटीवर. "दत्ताभाऊ, मधल्या प्लॉटला रस्ता नाय. रस्ता तुमच्यातनं. मालक मुंबईचे, पैशाला बघत नाय. तुमी आकडा बोला."

मी त्याच्या बुटांकडे बघत राहिलो. मग आकडा त्यानेच सांगितला. तो आकडा इथे लिहीत नाही, लिहिला तर रोज वाचत बसेन.

संध्याकाळी विलासचा फोन, कल्याणहून. म्हणजे एजंट आधी त्याच्याकडे जाऊन आलेला. सातबाऱ्यावर दोघांची नावं. "दादा, माझी सही तयार हाय. पोरीला, मनीषाला, नर्सिंगला घालायचंय ना? पैशे काय सिद्धगडावरून घरंगळत येणारेत? बोर्ड रंगवून किती दिवस? अख्खं कल्याण फ्लेक्सनं भरलंय."

त्याचं चुकीचं नाही, हाच त्रास आहे. त्याने त्या शेताचा भात खाल्ला, पण त्यात वाकला कधी नाही. दहावीनंतर मीच त्याला कल्याणला पाठवला. शीक म्हटलं. शिकला.

नाही म्हणालो. कारण विचारलं तेव्हा सुचलं नाही. फोन ठेवल्यावर चार सुचली.

१५ मे

एजंटकडून काम आलं. काशाच्या शेतात लावायचा बोर्ड, चार फूट बाय तीन. मजकूर त्याने चिठ्ठीवर दिला, तीन चुका. मी दुरुस्त करून असा काढला:

सूचना
ही जागा खाजगी मालकीची आहे.
विनापरवानगी आत येण्यास सक्त मनाई आहे.

पांढऱ्यावर तांबडा. 'ज्ञ' नाही, 'क्ष' नाही, सोपं काम. दोन दिवस लागले. हात लांब करकरून मान धरली. मजुरी रोख. मनीषाच्या फॉर्मचे पैसे त्यातून जातील.

लोखंडी खांबासकट मीच नेऊन गाडला. कुंपणाचे सिमेंटचे खांब येऊन पडलेत, पण मजूर गावी गेले, कुंपण पावसाळ्यानंतर. ओढ्याकडून रघू आला. तो अंबरनाथला कंपनीत आहे, आज सुट्टी. बोर्ड वाचला, अक्षरावरून बोट फिरवलं.

"झकास काढलास. काशाच्या थोबाडावर मारलास."

"लिवणारा मी. मालक मी नाय."

"ते खाली लिव मग. बारीक अक्षरात."

८ जून

मनीषा बारावीला पास. साठ टक्क्यांच्या वर. घरात तीच पहिली. नर्सिंगच्या कॉलेजात नंबर लागेल असं बाई म्हणतात. फी भरायची तारीख वीस ऑगस्ट.

राबात कोलम पेरला. तिन्ही वाफ्यांत. बी भिजत घालताना मोजलं होतं, म्हणजे सवय म्हणता येणार नाही.

२७ जून

रोप वीतभर. तिसऱ्या वाफ्याचं सगळ्यात जोमदार.

काशाचा फोन. इकडचं तिकडचं झालं. मुलगा ऐकत नाही, मोबाईलवर असतो. साखर कमी आली. मग, "या साली सावडीचं काय करताय?"

मी म्हणालो, "तुझं शेत नाय, तुझी सावड नाय."

फोन तुटला. कार्ड संपलं की त्याने ठेवला, कळलं नाही. वाक्य माझ्या तोंडून गेलं तेव्हा नियम म्हणून गेलं. कानात परत आलं तेव्हा वेगळंच वाजलं.

९ जुलै

रघूच्या शेतात आवणी. त्याचेच बैल, चिखलणी छान झाली. तिघांची एक रीत होती: मी डावीकडे, रघू उजवीकडे, मधे काशा. तो सगळ्यात जलद लावायचा आणि मागे राहणाऱ्याच्या बापाचा उद्धार करायचा. आज मधली जागा आम्ही दोघांनी वाटून घेतली. हात पोचत नाहीत. ओळी वाकड्या.

रघू कंबरेवर हात ठेवून उभा राहतो. बी.पी.ची गोळी बनियनच्या खिशात, प्लास्टिकमध्ये. "कंपनीत साहेब बोलला, चाळिशीच्या पुढच्यांनी व्हीआरएस घ्या. बोललो, अजून तीन वर्षं हायत. बोलला, आत्ताच घे, तेवढीच जवानी घरच्यांना दे."

"काय करणार?"

"जाणार रोज. दारात उभा र्‍हाईन. काढू दे मला उचलून. ब्याऐंशी किलो हाय मी."

११ जुलै

माझ्या शेताचा पहिला दिवस. सकाळी दोन अनोळखी माणसं बांधावर. काशाशेठनी पाठवलंय म्हणाले. दोन दिवसांची मजुरी आधीच दिलेली.

काशाशेठ.

परत पाठवलं. चहा पाजून पाठवलं, त्यांचा काय दोष.

दुपारी फोन. "माणसं परत पाठवलीस? पैशे दिले होते मी!"

"म्हनूनच."

बंद केला. सुमन चिखलात उभी, ऐकत होती. "अवो, तुमचा मान चिखलात उतरून भात लावणार हाय का? रोप पिवळं पडाया लागलंय. दोन मानसं आलेली, परत धाडली!" तिचं बरोबर. पण बदली माणूस नाही हा नियम काशानेच घातला होता. १९९१ साली रघूने लग्नाच्या गडबडीत गडी पाठवला, तेव्हा काशानेच त्याला हाकलला होता.

१४ जुलै

नीट लिहितो.

सकाळी सात. मी, सुमन आणि रघू रोप उपटत होतो. एसटी रस्त्यावर थांबली, काशा उतरला. इस्त्रीची पॅन्ट आणि डोक्यावर इरलं. शहापूरहून दोन गाड्या बदलून इरलं घेऊन आला. कंडक्टरने इरल्याचं हाफ तिकीट मागितलं म्हणे.

बांधावर उभा राहिला. माझ्याकडे न बघता रघूला बोलला, "सव्वीस जुलैनंतर तुमी दोघं माझ्या शेतातला गाळ काढाया दोन दिवस आलात. सावडीच्या बाहेरचे. ते दोन दिवस माझ्या अंगावर हायत का नाय?"

रघू म्हणाला, "हायत."

"मग त्याला सांग, बाजूला हो."

पॅन्ट दुमडून उतरला. गुडघ्याचा आवाज मला ऐकू आला. मधे जाऊन वाकला. पहिल्या दहा मिनिटांत रघूचा बाप काढला, मग माझा. माझा बाप वीस वर्षांपूर्वी गेलाय, तरी बरं वाटलं.

भाकरीला राबाजवळ बसलो. सुकटीची चटणी. काशाने तिसरा वाफा बघितला.

"ते काय?"

"रोप."

"दिसतंय. कुणाचं?"

मी भाकरी मोडत राहिलो. सुमन म्हणाली, "तुमचंच, भावोजी. मला बोलले जादा पेरलंय."

काशा हात धुवायला उठला आणि बराच वेळ धूत राहिला. परत येऊन विचारलं, "गुरांना घालशील?"

"नाय."

"मग?"

रघू समोर बोर्डाकडे बघत होता. "आत येण्यास मनाई हाय. भात लावण्यास मनाई हाय असं कुठं लिवलंय? लिवणाऱ्याला विचारा."

"शेत माझं नाय आता," काशा बोलला.

रघू म्हणाला, "दत्त्याचं सुतक होतं तवा त्याचं शेत लावलं. तवा कुनाला विचारलं होतं?"

तिघांपैकी कोणी हसलं नाही. ठरलं एवढंच.

१७ जुलै

लावलं. तिसरं शेत. फुटका बांध दगड, चिखल आणि सिमेंटच्या दोन खांबांनी बुजवला. खांब मालकाचे आहेत, कुंपण घालताना काढून देऊ. काशा तीन रात्री रघूकडे राहिला. गुडघ्यांना लतावहिनींनी दिलेलं मलम आणि रघूच्या बायकोने दिलेलं तेल, दोन्ही.

काशा म्हणाला, "साखर तपासू का आता? शून्य निघंल."

जाताना एसटीत चढताना पायरी चढवेना. रघूने मागून ढकलला. इरलं माझ्याकडे ठेवून गेला.

मला भीती वाटते हे खरं. दुसऱ्याच्या जागेत शिरलो. पण आज मान दुखत नाही.

२ ऑगस्ट

एजंट आला. गाडी बोर्डाजवळ लावली. मी आणि रघू तण काढत होतो, काशाच्या शेतात.

"हे काय?"

"भात," रघू म्हणाला.

"कुणाचं?"

"पिकू दे, मंग ठरवू."

"जेसीबी घालीन मी."

"घाल. कुठनं आणतोस? इकडं दत्त्याचं शेत, तिकडं माझं. हेलिकॉप्टरनं उतरव."

एजंट माझ्याकडे वळला. हळू बोलला, ते जास्त वाईट. "दत्ताभाऊ, रघू आनि काशा दोघं अंगठेबहाद्दर. तुमी लिवणारे. बोर्ड तुमच्या हातचा. उद्या पोलिसांत गेलो तर, माहीत नव्हतं असं तुमाला बोलता येणार नाय." मग, "मालक दसऱ्यानंतर येणार. तवर सही द्या. भात राहील, आनि पोरीची फी मी आजच भरतो."

काशा दहावी पास आहे. ते सांगायचं राहिलं.

३ ऑगस्ट

दिवसभर बोर्ड दिसत राहिला. माझंच अक्षर, माझ्याच विरुद्ध पुरावा. फी आणि पोलीस, दोन्ही एका सहीने मिटतात. विलासचे दोन फोन. दुसऱ्यांदा म्हणाला, "तुमी तिघं म्हातारपणी वेडे झालात."

म्हातारपणी! सदतीस.

१२ ऑगस्ट

मनीषाने विचारलं, "पप्पा, माझ्या फीसाठी शेत इकायचं का, हे मला कोणी इचारणार हाय?"

विचारलं.

म्हणाली, "मला नर्स व्हायचंय. पन माझ्या नावावर सही करू नका. जल्मभर ऐकावं लागंल, तुझ्यापायी शेत गेलं."

पोरगी अठराची. सरळ डोळ्यात बघून बोलते. सुमनवर गेलीय.

१६ ऑगस्ट

काशा आला. वहीच्या पानात गुंडाळलेले पैसे ओटीवर ठेवले. मनीषाची पहिल्या वर्षाची फी.

मी सरकवले. म्हटलं, सावडीत पैसे चालत नाहीत.

मग तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहितो. "ऐक दत्तू. माझ्याकडं शेत होतं तवा मी हात दिले. आता हातात दम नाय, पैशे हायत, ते पन थोडे. हात देऊ तर बोलतोस शेत नाय. माणूस धाडू तर परत धाडतोस. पैशे ठेवू तर सरकवतोस. मग मी काय करू, सांग? शहापुरात बसून चालू? रोज चार किलोमीटर?"

सुमन आतून बघत होती. रघू दारात टेकून उभा.

"हे त्याच शेताचे पैशे हायत," काशा म्हणाला. "माझं गेलं. त्यात तुझं र्‍हाऊ दे."

घेतले. परत कसे करायचे विचारलं तर म्हणाला, दिवसाला दिवस. कुठल्या दिवसाला कुठला दिवस, त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

१९ ऑगस्ट

फी भरली. पावती मनीषाच्या फायलीत. पावतीवर तिचं नाव 'मनिषा' टाकलं होतं, मी तिथेच दुरुस्त करून घेतलं. क्लार्क वैतागला. वैतागू दे.

मुरबाडला उतरून चष्मा घेतला. आज नाही म्हणायला कारण नव्हतं.

१० सप्टेंबर

एजंटला सांगितलं, सही नाही. चष्मा लावून सांगितलं. त्याने मला आधी ओळखलं नाही, मग म्हणाला, "पस्तावाल." म्हटलं, शक्य आहे.

विलासशी बोलणं बंद आहे. त्याच्याकडून. गणपतीला आला नाही. हे वाईट झालं, लिहून ठेवतो.

रघूला कंपनीने अजून काढलेलं नाही. रोज जातो.

२४ सप्टेंबर

तिन्ही शेतं निसवली, लोंब्या बाहेर आल्या. काशाचं दोन दिवस आधी. बाहेरून चालत गेलं तर कुठलं शेत कुणाचं कळत नाही, मधला बोर्ड सोडला तर.

२ ऑक्टोबर, दसरा

दाराला नवं, नव्या भाताची जुडी, बांधायला लोंब्या काढल्या. दरवर्षी तिन्ही शेतांतल्या एकत्र करून तिन्ही घरांना बांधतो. या साली एक जुडी घेऊन शहापूरला गेलो. फ्लॅटच्या दाराला खिळा नाही. सोसायटीत ठोकायला मनाई आहे म्हणे. लतावहिनींनी बेलच्या बटणाला दोऱ्याने बांधली.

"आता बेल कशी वाजवायची, गो?" काशाने विचारलं.

"हाक मारतील," वहिनी म्हणाल्या. "इथं कोण हाकच मारत नाय."

काशा सकाळी तानसाच्या रस्त्याला जाऊन आला होता. बुटाला चिखल. म्हणाला, रस्त्याकडेच्या शेतात एक म्हातारा एकटाच होता, त्याला अर्धा तास मदत केली. डॉक्टरला सांगू नकोस.

५ ऑक्टोबर

एजंटचा निरोप आला, पोलीस पाटलाकरवी. रविवारी मालक येणार. सोबत मोजणीवाला. मी हजर राहावं आणि पेन आणावं. नाहीतर तक्रार तयार आहे. मालक कसा आहे कोणाला माहीत नाही. रघू म्हणतो, मुंबईचा माणूस, उभं भात बघून फोटो काढील. काशा म्हणतो, गाडी घालील. काशा रविवारी पहिल्या एसटीने येणार. रघूने सुट्टी टाकलीय, बिनपगारी.

भात कापायला अजून पंधरा दिवस तरी हवेत.

दुपारी रंगाचा डबा घेऊन बोर्डाकडे गेलो. मजकुराखाली सहा इंच जागा मोकळी होती. मीच सोडलेली, देखणं दिसतं म्हणून. चष्मा लावला. खडूने रेघ मारली, अक्षरं मोजून बसवली. त्याच तांबड्या रंगात, त्याच अक्षरात:

आत भात उभे आहे. कापणीनंतर बोलू.

रघू ओढ्याकडून वाचत आला. "कोण बोलतोय हे? मालक का आपन?"

"ज्याला वाचता येतंय त्यानं ठरवावं."

"नाव घाल खाली."

घातलं. बारीक अक्षरात, तिघांची. काशिनाथ, रघुनाथ, दत्तात्रय. 'त्र' जरा ओघळला. पुसला नाही.

ढग आहेत. रंगाला वाळायला दोन दिवस लागतील. रविवारपर्यंत वाळेल.